ज्या गाण्याला गिऱ्हाईक नव्हते

हिंदी चित्रपटातील नावाड्याचे गाणे म्हटले की महाराष्ट्रातील रसिकांना सचिनदेव बर्मन यांचा किंचित सानुनासिक, पाण्यावरून लांबून येत असल्यासारखा वाटणारा आवाज आठवतो. १९५९ चा 'सुजाता' आणि १९६३ चा 'बंदिनी' या बिमल रॉय यांच्या दोन चित्रपटांनी तो आवाज घरोघरी पोहोचविला. पूर्व बंगालच्या नद्यांवरील भटियाली गाण्यांची ती छाया होती, आणि तिला मुंबईत जागा मिळाली ती एका थोर संगीतकाराच्या अधिकारामुळे. परंतु 'सुजाता' ज्या वर्षी पडद्यावर आला त्याच वर्षाच्या अखेरीस, ३० डिसेंबर १९५९ रोजी, ढाका येथे अशा एका गायकाने जगाचा निरोप घेतला, की ज्याने बंगालच्या नद्यांवरील, गाडीवाटेवरील आणि कुरणांतील गाणे तीस वर्षांपूर्वीच तबकडीवर आणि बोलपटात आणण्याचा उद्योग आरंभिला होता. त्यांचे नाव अब्बासुद्दीन अहमद. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या बंगालमध्ये हे नाव आजही आदराने उच्चारले जाते. आपल्याकडे मात्र ते फारसे परिचित नाही.

अब्बासुद्दीन यांची कारकीर्द केवळ संगीताच्या इतिहासात जमा करून भागणार नाही. लोकगीत बाजारात येते म्हणजे नेमके काय होते, कोणते गाणे विकण्याजोगे आहे हे कोण ठरवितो, आणि ज्याचे ते गाणे त्याच्या पदरात अखेर काय पडते, या प्रश्नांची उत्तरे त्यांच्या आयुष्यात जितकी स्पष्ट दिसतात तितकी क्वचितच दिसत असतील.

वकिलाचा मुलगा, गाडीवानांचे गाणे

अब्बासुद्दीन यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९०१ रोजी कुचबिहार संस्थानातील तुफानगंज भागात, बलरामपूर या खेड्यात झाला. हिमालयाच्या पायथ्याचा हा उत्तर बंगालचा मुलूख. या दूरच्या संस्थानाशी मराठी माणसाचा एक धागा आहे. तेथील महाराणी इंदिरादेवी या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या. पतीच्या निधनानंतर, १९२२ पासून, पुत्राच्या अज्ञानकाळात राज्याचा कारभार त्यांच्याच हाती होता.

अब्बासुद्दीन यांचे वडील तुफानगंजला वकिली करीत. मुलाने शिकून आपल्यासारखेच नाव काढावे ही त्यांची अपेक्षा स्वाभाविक होती. मुलाचे कान मात्र शेतावर आणि रस्त्यावर होते. त्या प्रदेशात भावैया नावाचा गीतप्रकार प्रचलित आहे. बैलगाडी हाकणारे गाडीवान, म्हशी राखणारे मैषाल आणि रानातले माहूत हे या गाण्यांचे नायक. त्यांची वाट पाहणारी घरची स्त्री ही त्यांची नायिका. गाडीचे चाक खड्ड्यात आदळले की हाकणाऱ्याचा आवाज जसा मध्येच तुटतो आणि पुन्हा सावरतो, तशी आवाजाची एक मोड या गाण्यात असते. साथीला दोतारा. त्याचे नाव दोतारा असले तरी तारा बहुधा चार असतात. गाण्याची भाषा कलकत्त्याची ग्रंथभाषा नव्हे. ती रंगपूर, कुचबिहार आणि आसामातील गोआलपाडा या पट्ट्यातील बोली. शहरी बंगाली माणसाला तिच्यातले कित्येक शब्द आजही विचारून घ्यावे लागतात.

मुलाने हे गाणे कोणा उस्तादापुढे बसून शिकले नाही. ऐकत ऐकत ते त्याच्या गळ्यात उतरले. कुचबिहारच्या महाविद्यालयात त्याने इंटरमीजिएटपर्यंत मजल मारली, बी.ए.ची पदवी मात्र हाती लागली नाही. विद्यार्थिदशेतच कवी काझी नझरुल इस्लाम यांच्याशी त्याची ओळख झाली, आणि तीच पुढे त्याच्या आयुष्याला वळण देणारी ठरली.

कारकुनी आणि तबकडी

१९३० च्या सुमारास अब्बासुद्दीन कलकत्त्याला स्थिरावले ते गायक म्हणून नव्हे, कारकून म्हणून. प्रथम शिक्षण संचालकांच्या कार्यालयात तात्पुरती आणि पुढे पाटबंधारे खात्यात कायमची नोकरी त्यांना मिळाली. दिवसा टिपणे आणि फायली, कचेरी सुटल्यावर ग्रामोफोन कंपनीची तालीम, असा त्यांचा क्रम पुष्कळ वर्षे चालला. या तपशिलाला महत्त्व आहे. पोट कंपनीवर अवलंबून नसल्यामुळेच कंपनीने नाही म्हटल्यावरही तीच मागणी पुन्हा घेऊन जाण्याचे बळ या गायकापाशी राहिले. महिन्याच्या महिन्याला मिळणाऱ्या लहानशा पगाराने कलेचे जे रक्षण केले आहे, त्याची नोंद कलेच्या इतिहासात क्वचितच होते.

त्या काळी ग्रामोफोनच्या धंद्याची भारतातील राजधानी कलकत्ता होती. तबकड्या छापण्याचा कारखाना १९०८ साली तेथेच सियालदा येथे निघाला, आणि पुढे तो डमडमला हलला. आपल्याकडे घरोघर वाजणाऱ्या नाट्यपदांच्या तबकड्याही तेथेच छापून येत. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. जे गाणे गाडीवान रात्रभर, वाट संपेपर्यंत गात असे, त्याला या तीन मिनिटांत आपले सारे बोलून घ्यावे लागे. बाजाराने लोकगीतावर घातलेली ही पहिली अट.

दुसरी अट नावाची होती. तबकड्या विकत घेणारा वर्ग मुख्यतः शहरी, सुस्थित आणि हिंदू आहे असा कंपन्यांचा हिशेब असे. बंगालची निम्म्याहून अधिक लोकसंख्या मुसलमान होती. परंतु तिच्यातील बहुसंख्य लोक शेतकरी होते आणि तागाच्या पिकावर त्यांचे रोखीचे सारे व्यवहार अवलंबून होते. जागतिक मंदीत तागाचे भाव कोसळले. अशा माणसाच्या हाती तबकडीसाठी पैसा कोठून येणार, हा व्यापाऱ्याचा प्रश्न वरवर पाहता गैर नव्हता. या हिशेबाचा परिणाम असा, की मुसलमान गायकांना हिंदू वाटतील अशी नावे धारण करावी लागत. मुन्शी महंमद कासेम हे मोठे लोकप्रिय गायक, पण तबकडीवर त्यांचे नाव के. मल्लिक असे छापले जाई. पुढे १९४० नंतर कलकत्त्यात गाणाऱ्या तलत महमूद यांनाही तपनकुमार व्हावे लागले. अब्बासुद्दीन यांच्या तबकड्यांवर मात्र अब्बासुद्दीन हेच नाव राहिले. एवढी साधी गोष्ट, पण त्या बाजारात तिला धैर्य लागे.

न दिसणारा ग्राहक

सुरुवातीच्या त्यांच्या तबकड्या प्रेमगीतांच्या, त्या वेळच्या आधुनिक वळणाच्या होत्या. त्या बऱ्यापैकी चालल्या. पण प्यारू कव्वाल यांच्या उर्दू कव्वाल्यांच्या तबकड्या बंगालमध्ये हातोहात खपत आहेत हे अब्बासुद्दीन पाहत होते. ज्यांना उर्दू पुरती समजत नाही असे लोक जर त्या घेत असतील, तर त्यांच्याच मायबोलीत, बंगालीत, इस्लामी गाणी निघाली तर ती का घेणार नाहीत, असा त्यांचा सरळ तर्क होता. नझरुल यांना कल्पना पसंत पडली. पण कवी कंपनीशी बांधलेला होता, आणि तालीम विभागाचे प्रमुख भगवती भट्टाचार्य यांची संमती आवश्यक होती. त्यांनी साफ नकार दिला. अशी गाणी खपणार नाहीत, हा त्यांचा व्यवहारी निर्वाळा होता.

सहा एक महिने गेले. एके दिवशी भट्टाचार्य प्रसन्न मनःस्थितीत दिसताच अब्बासुद्दीन यांनी पुन्हा विषय काढला. एकदा प्रयोग करून पाहावा, न चालल्यास पुन्हा नाव काढणार नाही, अशा आशयाची त्यांची विनंती या वेळी मान्य झाली. नझरुल दार लोटून बसले, चहा आणि पानाची सोय झाली, आणि अर्ध्या तासाच्या आत रमजानच्या अखेरीस येणाऱ्या ईदचे गाणे लिहून तयार झाले. १९३२ च्या ईदच्या सुमारास तबकडी बाजारात आली. अब्बासुद्दीन सणासाठी गावी गेले होते. परतल्यावर ट्राममध्ये शेजारी बसलेला एक तरुण तेच गाणे गुणगुणताना त्यांनी ऐकले. मग मैदानावर मुलांच्या घोळक्यात ऐकले. जो ग्राहक अस्तित्वातच नाही असे कंपनीचे मत होते, तो रांग लावून उभा होता.

यानंतर जे घडले ते अधिक उद्बोधक आहे. इस्लामी गाण्यांना मागणी वाढली आणि पुरवठा अपुरा पडू लागला. तेव्हा हिंदू गायकांनी मुसलमानी नावे घेतली. धीरेन दास हे गनी मियां झाले, गिरीन चक्रवर्ती सोना मियां झाले. काही वर्षांपूर्वी ज्या बाजाराने कासेम यांना मल्लिक केले होते, त्याच बाजाराने आता दास यांना मियां केले. धंद्याला धर्म नसतो असे म्हणतात. तो ग्राहकाचा धर्म धारण करतो, हे म्हणणे अधिक खरे ठरेल.

बोलीचा प्रवेश

या यशाने अब्बासुद्दीन यांना कंपनीत जो शब्द मिळाला, तो त्यांनी आपल्या मुलखासाठी खर्च केला. १९३० नंतरच्या दशकात भावैया, तिचाच चटका नावाचा द्रुत प्रकार, भटियाली आणि पालागीते त्यांनी एकामागून एक तबकडीवर आणली. भावैयाला ध्वनिमुद्रणाच्या दालनात नेणाऱ्यांत ते अग्रभागी होते. गाण्यातली बोली त्यांनी ग्रंथभाषेत धुऊन काढली नाही. गावाकडचे उच्चार आणि शब्द जसेच्या तसे वाजले. त्यांच्या तोंडून भावैया ऐकून नझरुल यांनी त्याच चालीवर आपले गीत रचले. कवी जसीमुद्दीन यांनी पूर्व बंगालच्या खेड्यांतून गोळा केलेली आणि त्या वळणावर स्वतः लिहिलेली गाणी त्यांच्या गळ्यातून लोकांपर्यंत गेली. दोतारा वाजविणारे कानाईलाल शील हे केवळ साथीदार नव्हते. खेड्यातल्या गाण्यांचा आणि चालींचा मोठा साठाच त्यांच्यापाशी होता. एका गायकाच्या नावावर जमा होणारे यश असे कित्येकांच्या भांडवलावर उभे असते.

खेड्यात ग्रामोफोन सगळ्यांकडे असणे शक्यच नव्हते. पण एका ग्रामोफोनभोवती सारा पाडा बसू शकतो. भट्टाचार्य यांच्या हिशेबात चूक होती ती नेमकी येथे. त्यांनी विकत घेणारे मोजले, ऐकणारे मोजले नाहीत. आणि ऐकणाऱ्यांच्या ओढीतूनच उद्याचा विकत घेणारा तयार होत असतो.

बोलपटाचा उंबरठा

चित्रपटाने या गायकाला काय दिले? १९३२ साली, म्हणजे आपल्याकडे 'अयोध्येचा राजा' निघाला त्याच वर्षी, 'विष्णुमाया' या बंगाली बोलपटात अब्बासुद्दीन दिसले. त्यानंतर १९३६ चा 'महानिशा', 'एकटी कथा' आणि १९४० चा 'ठिकादार' अशा एकूण चार चित्रपटांत त्यांनी काम केले आणि गाणी गायिली. 'ठिकादार'मध्ये त्यांची भूमिका मजुराची होती.

गायकाने अभिनय करण्याचे कारण तांत्रिक होते. बोलपटाच्या आरंभी पार्श्वगायन नव्हते. ज्याला गायचे त्याला कॅमेऱ्यासमोरच उभे राहावे लागे. १९३५ साली न्यू थिएटर्सने 'भाग्यचक्र' आणि त्याचे हिंदी रूप 'धूपछाँव' यांतून पार्श्वगायनाची पद्धत आणली. तेव्हापासून गळा एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा ही विभागणी सुरू झाली. वरकरणी पाहता अब्बासुद्दीन यांच्यासारख्या गायकाला ही सोयीची गोष्ट होती, कारण बंगाली मुसलमान तरुणाने पडद्यावर काम करणे त्या काळी दुर्मीळ होते. तरीही त्यांचा चित्रपटांशी संबंध या चारांच्या पुढे गेला नाही.

याचे एक कारण दोन धंद्यांच्या अर्थकारणात शोधावे लागते. तबकडी काढण्यास भांडवल थोडे लागते. म्हणून चार जिल्ह्यांपुरत्या ग्राहकासाठीही ती काढणे परवडते. चित्रपटास भांडवल मोठे लागते, आणि ते वसूल व्हायचे तर तो प्रत्येक शहरातल्या प्रत्येक प्रेक्षकाला कळला पाहिजे. ज्या बोलीतले शब्द कलकत्त्याला विचारून घ्यावे लागतात, तिला तेथे जागा कोठून मिळणार? म्हणून चित्रपटात लोकगीत आले ते बहुधा देखाव्याचा भाग होऊन आले. नदीवरून नाव जाते, नावाडी गातो, नायिका खिडकीत उभी राहून ऐकते. गाणे नावाड्याचे, पण दुःख नायिकेचे. नावाड्याचे स्वतःचे काय, हा प्रश्न कथेत येत नाही. तबकडीवरच्या भावैयात मात्र गाडीवान हाच नायक होता आणि त्याचेच सुखदुःख हा गाण्याचा विषय होता. चित्रपटाने लोकगीताला दूरवर नेले हे खरे. ते नेताना गाण्याचा मालक बदलला, हेही तितकेच खरे.

फाळणी आणि नंतर

१९४० नंतर बंगालचे राजकारण तापत गेले आणि अब्बासुद्दीन यांचा आवाज सभांच्या व्यासपीठावरही ऐकू येऊ लागला. फजलुल हक यांच्या कारकिर्दीत कारकुनीतून त्यांची सुटका झाली आणि बंगाल सरकारचे ध्वनिमुद्रण-तज्ज्ञ म्हणून त्यांना काम मिळाले. मुसलमान समाजाला आपल्या भाषेत आत्मविश्वास देणारी त्यांची गाणी पाकिस्तानच्या चळवळीच्या कामी आली आणि स्वतः त्यांची सहानुभूतीही तिकडे होती. ज्यांनी नझरुल यांच्याबरोबर दोन्ही समाजांच्या श्रोत्यांसाठी गायिले, त्या गायकाच्या आयुष्यातील हा अंतर्विरोध झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्या दशकात असे अंतर्विरोध थोरामोठ्यांच्या आयुष्यांतही होते.

१९४७ नंतर ते ढाक्याला गेले आणि तेथील सरकारच्या प्रसिद्धी खात्यात गीत-संयोजनाचे काम करू लागले. पण फाळणीच्या रेषेने त्यांच्या गाण्याचा प्रदेशच कापला. रंगपूर पाकिस्तानात गेले. गोआलपाडा भारतात राहिले. कुचबिहार संस्थान सप्टेंबर १९४९ मध्ये भारत सरकारच्या ताब्यात आले आणि १ जानेवारी १९५० पासून पश्चिम बंगालचा जिल्हा झाले. ज्या वाटेवर गाडीवान गात जात, ती वाट दोन देशांत विभागली गेली; आणि गाण्याला वाट करून देणाऱ्या गायकाचे जन्मगाव त्याच्यासाठी परदेशात जमा झाले.

ढाक्यातील वर्षांत त्यांना मान मिळाला. १९५५ साली मनिला येथील संगीत परिषदेत आणि १९५६ साली जर्मनीतील आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेत त्यांनी बंगालचे लोकगीत नेले. आपल्या कलाजीवनाची हकीकत त्यांनी लिहून ठेवली. ती १९६० साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. बांगलादेशाच्या निर्मितीनंतर, १९८१ साली, त्या देशाचे स्वाधीनता पदक त्यांना मरणोत्तर देण्यात आले. त्यांची कन्या फिरदौसी रहमान ढाक्याच्या चित्रपटसृष्टीत पार्श्वगायिका म्हणून नावारूपाला आली, आणि पुत्र मुस्तफा जमान अब्बासी यांनी लोकगीतांच्या संग्रहाचे व अभ्यासाचे काम २०२५ साली झालेल्या आपल्या निधनापर्यंत चालविले. भारताच्या बाजूला गोआलपाड्याच्या प्रतिमा बरुआ पांडे यांनी त्याच मुलखातील लोकगीत वेगळ्या देशात जिवंत ठेवले. गाण्याने सीमा मानली नाही एवढाच याचा अर्थ.

हिशेबाची बाकी

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. या साऱ्या व्यवहारात गाडीवानाला काय मिळाले? तबकडी विकली गेली. कंपनीला नफा झाला, दुकानदाराला अडत मिळाली, गायकाला मानधन आणि कीर्ती मिळाली. ज्याने ते गाणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आणले, त्याच्या नावाचा कागदच नव्हता. पारंपरिक गाण्याला कर्ता नसतो, आणि कायद्याच्या दृष्टीने ज्याला कर्ता नाही त्याला मालकही नाही. तबकडीला मात्र मालक असतो. गाणाऱ्या कलावंताचा स्वतःच्या गायनावर काही हक्क आहे, हे भारतीय कायद्याने मान्य केले ते १९९४ साली. तोपर्यंत तबकड्यांचे युग संपून गेले होते. समूहाने जतन केलेल्या गाण्याचा हक्क समूहाला कसा द्यावा, हा प्रश्न तर अद्याप सुटलेला नाही.

या तागडीत अब्बासुद्दीन यांचे पारडे कोणत्या बाजूला झुकते? ते स्वतः गाडीवान नव्हते. वकिलाचे पुत्र आणि सरकारी नोकर होते. लोकांचे गाणे घेऊन मोठे झालेल्या शहरी कलावंतांत त्यांची गणना करता येईल. पण एक फरक विसरता येत नाही. त्यांनी ते गाणे शहराला रुचेल असे करून शहराला विकले नाही. शहरातली यंत्रे वापरून त्यांनी ते ज्याचे त्याला परत ऐकविले. त्याच्या बोलीत आणि स्वतःचे नाव न बदलता. रंगपूरच्या शेतकऱ्याने प्रथमच यंत्रातून आपली भाषा ऐकली, तेव्हा त्याच्या पदरात पैसा पडला नसेल, पण आपण मोजले जातो ही जाणीव पडली. तिची किंमत रुपयांत करता येत नाही. म्हणून ती शून्य धरावी असेही नाही.

एखाद्या गोष्टीला गिऱ्हाईक नाही, असे व्यापारी फार खात्रीने सांगत असतो. भाषांच्या, बोलींच्या आणि कलांच्या बाबतीत हा निर्वाळा आपणही पुष्कळदा निमूटपणे मान्य करतो. तो गिऱ्हाईक कोणी शोधून पाहिला होता काय, एवढे विचारण्याची चिकाटी कलकत्त्याच्या एका कचेरीतील कारकुनाने दाखविली. त्यासाठी सहा महिने थांबण्याची त्याची तयारी होती.